'लवकरच' म्हणजे नक्की कधी?

निळी_शाई
परवा बाबांनी एक पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर आणून ठेवला. "आता तू सांभाळ, मला बारीक अक्षर दिसत नाही." बाबा ८४ वर्षांचे आहेत. डब्यात चाळीसेक वर्षांतली कात्रणं, सगळी विज्ञान-तंत्रज्ञानाची. कडा पिवळ्या पडल्यात, काही तर उचलली की घडीवरच तुटतात.

प्रत्येक कात्रणात 'लवकरच' हा शब्द लाल पेन्सिलीने अधोरेखित केलाय. समासात तारीख आणि तिच्याखाली बाबांच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द, "पाहू." काहींवर पुढे कधीतरी पेनने "अजून नाही" अशी भर. एका कात्रणावर "अजून नाही" तीनदा लिहिलंय, तीन वेगवेगळ्या पेनांनी. ते टकलावर केस उगवण्याचं आहे. त्यात बाबांचं वैयक्तिक हित गुंतलं होतं हे त्यांच्याकडे बघून कोणीही सांगेल.

रात्री दीडपर्यंत वाचत बसले. १९८९ चं शीत संलयनाचं कात्रण आहे. २३ मार्चला युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं होतं, की सूर्यात जे घडतं ते आम्ही टेबलावरच्या भांड्यात घडवलं. जगाचा ऊर्जेचा प्रश्न मिटला! पुढे कोणाच्याच प्रयोगशाळेत ते नीट जमलं नाही. पण 'जमलं नाही'चं कात्रण डब्यात नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आलंच नाही गं कधी. मी वाट बघत होतो."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. पहिला दिवस मोठ्या अक्षरांत छापतात आणि पुढचं वाचणाऱ्याने आपापलं समजून घ्यायचं. तर दोन प्रश्न. अशी बातमी वाचल्यावर तुम्ही कशावरून ठरवता की ही घ्यायची आणि ही सोडायची? आणि 'लवकरच' खरंच लवकर आलं, असं तुमच्या बघण्यात काही आहे का?

टवाळखोर
पहिला प्रश्न नंतर. आधी ते केसांचं कात्रण स्कॅन करून टाका. गरजू लोक आहेत इथे.

गोगलगाय
वाचतेय.

चष्मिष
माझी चाळणी सोपी आहे. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर उत्तर 'नाही' समजायचं आणि पुढे जायचं. 'मंगळावर जीवसृष्टी सापडली?' नाही. 'वृद्धत्वावर मात शक्य?' नाही. उत्तर 'हो' असतं तर बापड्याने प्रश्नचिन्ह कशाला टाकलं असतं? एका ब्रिटिश पत्रकाराच्या नावाने हा नियमच आहे, बेटरिजचा नियम म्हणतात.

दुसरी खूण म्हणजे 'वैज्ञानिकही थक्क'. आमच्याकडे एक वैज्ञानिक नातेवाईक आहेत. त्यांना मी आजवर एकदाच थक्क झालेलं पाहिलंय, प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला तेव्हा.

रिकामटेकडा
+१. हसून हसून पुरेवाट.
जाता जाता, या धाग्याच्या मथळ्यातही प्रश्नचिन्ह आहे.

उंबरठा
निळी_शाई, तुमचा धागा हसत वाचायला घेतला आणि मध्येच थांबले. माझं थोडं वेगळं आहे, लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. सहाव्या वर्षी कळलं, आता तो दहाचा आहे. टाइप १ म्हणजे गोड खाऊन होणारा नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. पथ्याने जात नाही, व्यायामाने जात नाही. इन्सुलिन घ्यावंच लागतं, रोज.

या चार वर्षांत मला 'मधुमेह कायमचा बरा' या अर्थाच्या किती बातम्या आल्या असतील ते मोजलेलं नाही. पाठवणारी माणसं प्रेमाने पाठवतात. काकू, शाळेतल्या बाई, लिफ्टमध्ये भेटणारे आजोबा. सुरुवातीला प्रत्येक बातमी मी शेवटपर्यंत वाचायचे, मूळ शोधनिबंध उघडायचे, अर्धा कळायचा नाही तरी वाचायचे. आणि दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात भेटायचे ते उंदीर. मथळ्यात नसतात. खाली कुठेतरी, "हे प्रयोग सध्या उंदरांवर."

एकदा मुलाने माझ्या खांद्यावरून मथळा वाचला. त्याला वाचता येतं हे मी विसरलेच होते. म्हणाला, "आई, म्हणजे मला आता टोचायचं नाही?" त्या रात्री त्याने ग्लुकोमीटरची डबी पलंगाखाली सरकवून दिली होती. सकाळी मी ती झाडूने ओढून बाहेर काढली. तेव्हापासून असल्या बातम्या घरात मोठ्या पडद्यावर उघडायच्या नाहीत असं ठरवलंय.

त्यामुळे 'लवकरच' हा शब्द छापणाऱ्याला एकदा सांगावंसं वाटतं, की बाबा रे, पलीकडे कोणीतरी तो शब्दशः वाचतंय. माझ्या चाळणीला एकच प्रश्न पुरतो. हे कोणावर करून पाहिलं?

सांजवेळ
उंबरठा, काय लिहू कळत नाही. पलंगाखालची डबी डोळ्यांसमोरून जात नाहीये.

प्रयोगवही
उंबरठाताई, आमच्या बाजूची कबुली देतो. मी पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. कुठली ते सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे.

सगळं खापर पत्रकारांवर फुटतं, पण निम्मं पाणी आमच्याच विहिरीतलं असतं. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं काही संशोधकांनी मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली होती. २०१४ साली ते बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला निबंधातल्यापेक्षा फुगवलेला. ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसाला लावलेले. म्हणजे उंदराचा माणूस व्हायला वर्तमानपत्राची वाट बघावी लागत नाही, तो विद्यापीठाच्या दारातच होतो.

आमचंच उदाहरण. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर एक रेणू टाकला, त्यांची वाढ मंदावली. बस, एवढंच. आम्ही लिहून दिलं, "पेशींच्या वाढीचा वेग कमी झाल्याचे आढळले." जनसंपर्क विभागाकडून परत आलं तेव्हा त्याचं "कर्करोगावर नव्या उपचाराची आशा" झालं होतं. आमच्या प्रमुख बाईंनी 'आशा' शब्दावर बराच वेळ पेन टेकवून धरलं आणि मग सोडून दिलं, कारण पुढच्या महिन्यात निधीचा अर्ज होता. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा वेबसाइटवर 'कर्करोगावर रामबाण'. आमच्या सासूबाईंनी शेजारी सांगितलं, "जावयाने कॅन्सरवर औषध काढलं."

बशीत तर ब्लीचनेही कर्करोगाच्या पेशी मरतात हो. अवघड असतं ते माणसाला न मारता त्या मारणं.

टवाळखोर
जावईबापू, दुसऱ्या रेणूचं बघा जरा. केसांसाठी.

कुरकुऱ्या
म्हणूनच माझा कशावरही विश्वास नाही. सगळा निधीचा खेळ आहे. कॉफी प्या, कॉफी पिऊ नका. १९९१ ला जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था म्हणाली कॉफीने कर्करोग होऊ शकतो, २०१६ ला तीच म्हणाली की तसा पुरेसा पुरावा नाही. पंचवीस वर्षं काय करत होते? एकदा ठरवा आणि मग सांगा.

शून्यगणित
कुरकुऱ्याबुवा, पंचवीस वर्षांत जास्त माणसांची माहिती जमली म्हणून मत बदललं. पुरावा बदलूनही मत तेच ठेवणाऱ्यांवर तुमचा जास्त विश्वास बसेल का?

पण तुमच्या चिडण्याला जागा आहे. ती गोची आकडे सांगण्याच्या पद्धतीत आहे. १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा निघाला, की एका नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. मूळ आकडा काय होता? जुन्या गोळ्यांवर ७,००० बायकांत एकीला गुठळी, नव्यांवर दोघींना. 'दुप्पट' खरंच, आणि 'सात हजारांत एक जास्त' हेही खरंच. पण मथळा एकाचाच होतो. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

त्यामुळे 'दुप्पट', 'तिप्पट', '४० टक्क्यांनी वाढ' दिसलं की मी विचारतो, कशाच्या? ते लिहिलेलं नसेल तर ती बातमी माझ्यासाठी कोरा कागद.

आणखी एक गंमत. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने मुद्दाम एक भिकार अभ्यास केला. १५ माणसं, तीन आठवडे, आणि मोजमापं १८: वजन, कोलेस्टेरॉल, झोप, काय काय. काहीतरी तर जुळणारच! साधा हिशोब करा. प्रत्येक मोजमापात योगायोगाने 'लक्षणीय' निकाल यायची शक्यता २० त एक धरली, तर १८ पैकी निदान एक तरी निघण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के. त्यांना मिळालं ते असं, की चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकाने ते छापलं आणि कितीतरी देशांतल्या वर्तमानपत्रांनी उचललं. किती माणसांवर केलं, हे जवळपास कोणी विचारलंच नाही.

मिश्किलमावशी
चॉकलेटचं खोटं आहे हे आत्ता सांगताय? दहा वर्षं मी औषध म्हणून खातेय.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दर ऑगस्टला ठरलेला निरोप येतो: २७ तारखेला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, हा योग पुन्हा येणे नाही. पुन्हा येणे नाही असा योग दरवर्षी येतो. एक वर्ष आमचे हे उशा घेऊन गच्चीवर गेले. डास चावून खाली आले.

आकाशवेडा
मावशी, त्या निरोपामागे खरी घटना आहे. २००३ च्या २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास आला होता, हजारो वर्षांतला सर्वात जवळचा. मूळ ईमेलमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघितलं तर मंगळ, नुसत्या डोळ्यांनी पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसेल. ढकलत ढकलत दुर्बीण गळाली, वर्ष गळालं, आणि उरला तो चंद्राएवढा मंगळ. दुर्बीण परत जोडली की निरोप खरा होतो, २००३ पुरता.

लघुग्रहांच्या बातम्यांचंही तेच. 'पृथ्वीच्या जवळून जाणार' म्हणजे किती जवळून, ते चंद्राच्या अंतराशी ताडून बघा. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. बहुतेक 'जवळच्या' लघुग्रहांचं अंतर त्याच्या कितीतरी पट निघतं. अपोफिसची बातमी मात्र खरी आहे. १३ एप्रिल २०२९ ला तो ३२ हजार किलोमीटरच्या आसपासून जाईल आणि काही भागांतून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. आदळणार नाही. उशा घेऊन गच्चीवर जायचं तर तेव्हा जा.

कुरकुऱ्या
आकाशवेडा, २०२५ मध्ये तो दुसरा लघुग्रह होता, त्याचं काय? आधी १ टक्का शक्यता, मग २, मग ३, आणि अचानक शून्य. याला विज्ञान म्हणायचं?

आकाशवेडा
२०२४ वायआर४. हो, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांपर्यंत गेली होती, त्याच आठवड्यात कोसळली. पण हे असंच व्हायला हवं होतं. २०३२ मध्ये तो नेमका कुठे असेल हे ठाऊक नव्हतं, म्हणून एक लांबलचक पट्टा आखला होता, यात कुठेतरी असेल. पृथ्वी त्या पट्ट्यात होती. निरीक्षणं वाढली तसा पट्टा आखूड झाला. पृथ्वी अजून पट्ट्यातच, पण पट्टा लहान, म्हणून टक्का चढला. पट्टा आणखी आखडला, पृथ्वी बाहेर पडली, टक्का शून्याकडे. घरात हरवलेली किल्ली शोधतो तसं. पाच खोल्यांपैकी चार बघून झाल्या की पाचवीची शक्यता चढत जाते, आणि शेवटी किल्ली शर्टाच्या खिशात सापडते.

कुरकुऱ्या
किल्लीचं पटलं. बाकीचं बघू.

पण मला एक सांगा, ओझोनचं भोक कुठे गेलं? आमच्या शाळेत बाई घाबरवायच्या. आणि वायटूके? १ जानेवारी २००० ला विमानं पडणार, बँका बसणार. काही झालं? पेला फुटेल म्हणून ओरडायचं आणि मग फुटला नाही की गप्प.

जुना_प्रोग्रामर
आता मात्र लॉगिन करणं भाग पडलं. किती वर्षांनी आलोय.

कुरकुऱ्याशेठ, पेला फुटला नाही कारण आम्ही तो धरून बसलो होतो. जुन्या प्रोग्रॅम्समध्ये वर्ष दोन अंकी साठवलेलं, ९९ नंतर ००, म्हणजे यंत्राच्या लेखी १९००. व्याज, विमा, वय, मुदत, सगळ्यांतून वजाबाकी. १९९८-९९ मध्ये मी दीड वर्ष दुसरं काही केलं नाही. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबच लांब कागदावर कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड छापून घ्यायचो. लाकडी पट्टी ओळीखाली ठेवायची आणि एकेक ओळ वाचत सरकवत जायचं. तारीख दिसली की पिवळा पेन. पट्टीच्या कडेला ग्राफाइट चढून ती काळी झाली होती. ३१ डिसेंबरला रात्री कंपनीतच होतो, फोनशेजारी. फोन वाजला तो १२ वाजून १० मिनिटांनी. बायकोचा होता, शुभेच्छा द्यायला.

दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, बघा, काहीच झालं नाही, उगाच बाऊ.

आणि एक गुपित. वेळ कमी असल्याने बऱ्याच ठिकाणी आम्ही प्रश्न सोडवला नाही, पुढे ढकलला. दोन अंकी वर्ष २० पेक्षा लहान असेल तर २०००चं समजा, मोठं असेल तर १९००चं, अशी मलमपट्टी. ती २०२० च्या जानेवारीत काही ठिकाणी उसवली. आता पुढची तारीख लिहून ठेवा, १९ जानेवारी २०३८. ज्या जुन्या यंत्रणा सेकंद मोजायला ३२ बिट वापरतात, त्यांची मोजणी त्या दिवशी भरून उलटते. तेव्हाही काही झालं नाही तर कृपया कोणाचे तरी आभार माना.

प्रयोगवही
ओझोनही तसंच. अंटार्क्टिकावरचं भोक १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, शीतकपाटांत आणि फवाऱ्यांत वापरले जाणारे ते वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले. थर भरून येतोय. अंटार्क्टिकावर १९८० ची पातळी २०६६ च्या सुमारास येईल असा अंदाज आहे. भोक 'गेलं' नाही, बुजवलं जातंय. संथ आहे म्हणून बातमी होत नाही.

रिकामटेकडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जुना_प्रोग्रामर यांना दंडवत.

अवांतर: फोन ८० टक्क्यांवर काढायचा की रात्रभर लावून ठेवायचा? एकदाचा निकाल लावा. घरात दोन पक्ष आहेत.

शून्यगणित
दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर. १०० टक्क्याला फोन स्वतःच चार्ज घेणं थांबवतो, जास्त भरून 'फुगत' नाही. पण लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम अशी तासन्तास राहिली की जराशी लवकर म्हातारी होते. उशीखाली ठेवू नका. बाकी घटस्फोटापर्यंत नेण्याइतका फरक नाही.

टवाळखोर
बॅटरीवरून आठवलं. 'पाच मिनिटांत चार्ज, आठवडाभर चालणार' ही बातमी मी कॉलेजात असल्यापासून वाचतोय. आता माझा मुलगा कॉलेजात आहे. निळी_शाई, तुमच्या बाबांच्या डब्यात एक तरी बॅटरी असणारच, पैज.

काळोखखोली
मी रेडिऑलॉजिस्ट आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर कोणीच बोललं नाही म्हणून माझी भर.

२०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतले संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले, रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं. पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. हे म्हणणारा माणूस कोणी ऐरागैरा नव्हता, पुढे २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मी तेव्हा शिकत होते. आत्याने ती बातमी पाठवून खाली लिहिलं होतं, "शाखा बदलता येते का बघ."

आज त्या सॉफ्टवेअरशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, हे आधी मान्य करते. रात्री मेंदूच्या सीटीमध्ये रक्तस्राव दिसला तर ते ती फिल्म रांगेत सर्वात वर आणून ठेवतं. त्यातली मिनिटं मोलाची असतात. आणि त्याच सॉफ्टवेअरने गेल्या आठवड्यात एका कृश आजोबांच्या पाठीवरच्या कातडीची घडी म्हणजे फुप्फुसाबाहेर साठलेली हवा असं ठासून सांगितलं. घडीची रेघ फुप्फुसाच्या कडेच्या पलीकडे जात होती, मी बोट ठेवून तिचा माग काढला. नळी घालायची तयारी सुरू झाली होती, ती थांबवली.

माझं काम गेलं नाही, वाढलं. पण म्हणून 'यंत्राला काही येत नाही' म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही. त्यांना माझी रात्रपाळी द्यावी.

कुरकुऱ्या
डॉक्टरीणबाई, पटलं. नोबेलवाले चुकतात आणि माझी आत्याही तशीच आहे.

मग मला एवढंच सांगा, सगळे जर चुकतात तर प्रामाणिक कोण ते ओळखायचं कसं?

प्रयोगवही
मी एक बघतो. माणूस 'आमची चूक शोधून द्या' म्हणतोय का?

२०११ च्या सप्टेंबरात ऑपेरा नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगवाल्यांना दिसलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंत ७३० किलोमीटर येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतायत. म्हणजे आइन्स्टाइन गेला. मथळे तसेच आले. पण त्यांनी स्वतः काय केलं? जगाला म्हणाले, आम्ही सगळं तपासलं, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. काही महिन्यांतच त्यांनाच सापडली. ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट घट्ट बसली नव्हती. ते त्यांनी जाहीर करून टाकलं.

आता याच्याशेजारी १९८९ ची पत्रकार परिषद ठेवून बघा. दोघेही चुकले, पण एकांच्या चुकीचा छडा त्यांनीच लावला.

चष्मिष
म्हणजे सैल वायर तपासा. आमच्या टीव्हीवाल्याचंही तेच म्हणणं असतं.

प्रयोगवही
उंबरठाताई, तुमच्यासाठी वेगळं लिहायचं होतं, दोन दिवस शब्द जुळवतोय. 'लवकरच' कधी खरं झालं, असा मूळ धाग्यात प्रश्न होता ना? इन्सुलिनच. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोत कुत्र्यांवर प्रयोग सुरू होते. ११ जानेवारी १९२२ ला एका १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फसलं, अर्क शुद्ध नव्हता. बारा दिवस राबून अर्क शुद्ध केला आणि २३ तारखेला पुन्हा दिला. साखर उतरली. तो मुलगा पुढे बरीच वर्षं जगला.

आणि अलीकडचं, फुगा न करता सांगतो. टेप्लिझुमॅब नावाचं औषध नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. टाइप १ होण्याच्या वाटेवर असलेल्यांत ते आजार सुमारे दोन वर्षं लांबवतं, चाचणी माणसांवर झालेली आहे. ज्यांना आजार झालेला आहे त्यांच्यासाठी ती मंजुरी नाही. म्हणून हे तुमच्या मुलासाठी नाही. तरी सांगतोय, कारण हे उंदरांच्या पुढे गेलेलं आहे.

उंबरठा
'तुमच्या मुलासाठी नाही' हे इतकं स्पष्ट आजवर कोणी लिहिलं नव्हतं. बरं वाटलं, खरंच.

टोरोंटोची गोष्ट काल त्याला सांगितली. त्याने एकच विचारलं, पहिलं इंजेक्शन फसलं तर त्या मुलाने दुसरं घेतलंच कसं? म्हटलं, दुसरा उपायच नव्हता. तो म्हणाला, मग ठीक आहे.

सांजवेळ
भावना पोचल्या.

टवाळखोर
आज टवाळकी नाही.

(उद्या आहे.)

निळी_शाई
सगळ्यांचे प्रतिसाद मी बाबांना रोज संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवतेय. जुना_प्रोग्रामर यांची पट्टी त्यांना फार आवडली. कुरकुऱ्यांचं नाव आलं की म्हणतात, "हा माझ्यासारखा आहे."

टवाळखोर, पैज तुम्ही जिंकलात, पण कशी ते ऐका. पूर्ण डबा पालथा घातला, बॅटरीचं एकही कात्रण नाही. मग काल एक १९९१ चं हातात आलं. 'कचेऱ्यांतून कागद लवकरच हद्दपार', वर लाल रेघ, "पाहू", आणि निळ्या पेनने "अजून नाही". ते परत डब्यात ठेवताना उलटं पडलं. मागच्या बाजूला, जिथे बाबांची कात्री आडवी फिरली होती, तिथे कोपऱ्यात एका छोट्या बातमीच्या पाच अर्धवट ओळी. डावीकडचे शब्द कापले गेलेत. "...पुन्हा चार्ज करता येणारी", मग "...लिथियम", मग "...कॅमेऱ्यासाठी विक्रीस", आणि एवढंच. 'लवकरच' कुठे नव्हतंच बहुतेक, म्हणून ती कापून ठेवलीच नाही.

शून्यगणित
१९९१! सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ते हेच वर्ष. तिच्या मागच्या कामासाठी २०१९ मध्ये तिघांना नोबेल मिळालं, त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आज मी हे ज्यावर टाइप करतोय त्यात तीच आहे, तेवढ्याच वजनात तेव्हाच्या निदान तिप्पट ऊर्जा साठवणारी. बाबांना दाखवलं का?

निळी_शाई
दाखवलं. भिंग लावून दोन्ही बाजू पाहिल्या. म्हणाले, "मागचं मी कधी वाचलंच नाही." मग लाल पेन्सिल मागितली.

टवाळखोर
काय लिहिलं? फोटो टाका, फोटो!

निळी_शाई
टाकते. फोन बंद पडलाय, आत्ताच चार्जिंगला लावला. हे कॉम्प्युटरवरून लिहितेय.

कुरकुऱ्या
म्हणजे लवकरच.